विजेची मोटार आधी कोण घेणार?

एका रविवारी लालबागला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर भाच्याने कपाटावरून प्लास्टिकची पिशवी काढली आणि आतले कागद माझ्यापुढे चटईवर मांडले. विजेवर चालणाऱ्या मोटारीची रंगीत पत्रके, बँकेच्या हप्त्यांचा तक्ता आणि वहीच्या पानावर त्याने स्वतः केलेला हिशोब.

"मामा, तुम्ही बी.कॉम. आहात. एवढं तपासून द्या. तुम्ही बरोबर म्हणालात की पप्पा ऐकतील."

भावोजी दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान इकडेच होते. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. फंडाची रक्कम आली, त्यातली काही धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला गेली, काही दुखण्याखुपण्यात गेली. उरल्यातले तीन लाख मुलाला गाडीच्या पहिल्या भरण्यासाठी हवे आहेत. भाचा सहा वर्षे दुसऱ्याची सीएनजी टॅक्सी चालवतो. मालकाला रोजचे भाडे द्यायचे, गॅस आपला भरायचा आणि उरेल ते घरी आणायचे. स्वतःची गाडी असावी असे त्याला वाटले तर त्यात गैर काहीच नाही. बहीण मोरीतून भांडी घासता घासता म्हणाली, "दादा, नीट बघ. तेवढा पैसा पुन्हा आपल्या घरात यायचा नाही."

मी ते पान खिशात घातले आणि महिनाभराची मुदत मागितली. त्या महिनाभरात जे पाहिले, विचारले आणि मांडले ते वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले आज चाकांवर पोट भरतात. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी टेम्पो, कोणी मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवतो. विजेच्या गाडीचा प्रश्न आज ना उद्या त्यांच्या घरात येणारच आहे.

जाहिरातीतले गिऱ्हाईक

भाच्याने आणलेली पत्रके मी आधी नुसती चित्रे म्हणून पाहिली. एका चित्रात बंगला आहे, पुढे हिरवळ आहे आणि भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवलेली आहे. दुसऱ्यात उंच टॉवरच्या खालच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ ऐटीत वायर जोडतो आहे आणि शेजारी त्याची दुसरी मोटार उभी आहे. ती दुसरी मोटार नीट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

आम्हाला कॉलेजात बाजारशास्त्र शिकवायचे तेव्हा एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन प्राध्यापकाचे नाव यायचे. नवी वस्तू समाजात कशी पसरते यावर त्याने १९६२ साली पुस्तक लिहिले. त्याने गिऱ्हाइकांचे पाच गट पाडले. शंभरातले दोन-अडीच अगदी पहिले, धाडसी. त्यांच्यामागून साडेतेरा, ज्यांच्याकडे बघून इतर ठरवतात. मग चौतीस आणि चौतीसचे दोन मोठे गट. शेवटचे सोळा म्हणजे मागे रेंगाळणारे. परीक्षेला आम्ही हे घोकून लिहिले आणि विसरलो.

या रॉजर्सची घरची गोष्ट मात्र मला नंतर वाचायला मिळाली. त्याचे वडील आयोवा राज्यातले शेतकरी. यंत्रांची त्यांना आवड, पण संकरित मक्याचे बियाणे ते घेईनात. १९३६ साली दुष्काळ पडला. शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून गेला. त्यानंतर ते वळले. म्हणजे ज्यांना मुलाने पुढे पुस्तकात मागे रेंगाळणारे म्हटले असते, त्यांतच त्याचे वडील होते.

माझे म्हणणे असे की, रेंगाळणारा हा शब्दच चुकीचा आहे. ज्याच्याकडे चूक पचवण्यापुरता पैसा आहे तो आधी उडी मारतो. ज्याचा एकच फंड आहे तो दहादा विचार करतो, आणि तसा विचार करायला अक्कलच लागते. भावोजींनी पेपर खाली ठेवला नाही म्हणून त्यांना मागासलेले म्हणणार का?

दुसरी मोटार

आपल्या देशात विजेची छोटी मोटार तशी जुनी आहे. बंगळूरची रेवा २००१ साली बाजारात आली. दोन दारांची, खेळण्यातल्यासारखी. घेणारे थोडे, आणि तेही हौशी. पुढे २०२० च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन विजेवर आली, तिची किंमत चौदा लाखांच्या घरात. २०२२ च्या सप्टेंबरात टियागो विजेवर आली तेव्हा सुरुवातीचा भाव ८ लाख ४९ हजार रुपये होता. इथून मध्यमवर्गीय माणूस शोरूमच्या काचेतून आत डोकावू लागला.

तरी घेतो कोण, हे पाहायचे तर आपल्याच विभागात फिरावे. गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले आहेत त्यांच्या फाटकाशी संध्याकाळी थोडा वेळ थांबावे. विजेच्या गाडीला हिरवी नंबरप्लेट असते, म्हणून ओळखायला सोपी. खाजगी गाडी असेल तर हिरव्यावर पांढरे आकडे, भाड्याची असेल तर पिवळे. परळच्या एका टॉवरवर रखवालदारीला असलेला आपलाच एक मुलगा म्हणाला, "काका, हिरवी पाटी असते त्याच्याकडे बहुतेक पेट्रोलची पण असतेच. विजेची इथल्या इथे फिरायला, पेट्रोलची लोणावळ्याला."

जगाचाही अनुभव असाच आहे. नॉर्वे हा देश विजेच्या मोटारीत सर्वांच्या पुढे. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ विजेच्या होत्या. पण हे एका रात्रीत झाले नाही. १९८९ साली तिथला एक गायक आणि एक पर्यावरण कार्यकर्ता विजेवर चालवलेली फियाट पांडा घेऊन टोलनाक्यावरून पैसे न भरता पुन्हा पुन्हा जाऊ लागले. दंड झाला, तोही भरला नाही, तेव्हा सरकारने गाडी जप्त केली. अशा सत्याग्रहांतून करमाफी आली, टोलमाफी आली. आणि सुरुवातीला ज्यांनी या गाड्या घेतल्या ते बहुतेक बऱ्या पगाराचे, स्वतःचे घर असलेले आणि दारात आधीच एक मोटार असलेले लोक होते. म्हणजे पुन्हा तीच दुसरी मोटार.

चीनमध्ये चित्र थोडे वेगळे दिसते. तिथे २०२० साली वूलिंग कंपनीने अगदी चिमुकली विजेची मोटार काढली, सुरुवातीचा भाव २८,८०० युआन, म्हणजे तेव्हाचे तीन-साडेतीन लाख रुपये. ती छोट्या शहरांतल्या तरुण मुलींनी उचलून धरली. कामावर जायचे अंतर थोडे, किंमत पेलण्यासारखी. पर्यावरणावर भाषण कोणी दिले म्हणून घेतली असे नव्हे.

वहीतल्या दोन चुका

आता भाच्याच्या हिशोबाकडे येतो. त्याने लिहिले होते : पेट्रोलवर किलोमीटरला ७ रुपये, विजेवर दीड रुपया, बचत साडेपाच. रोज १२० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३६,००० किलोमीटर. बचत वर्षाला १,९८,००० रुपये. खाली दोन रेघा मारून लिहिले होते, "दोन वर्षात फरक वसूल."

बेरीज-गुणाकार अगदी बरोबर. मुंबईत २०२५ साली पेट्रोल लिटरला १०३ रुपयांच्या आसपास होते. शहरातल्या गर्दीत गाडी लिटरला १५ किलोमीटर जाईल असे धरले तर ७ रुपये येतात. वीज युनिटला १० रुपये आणि एका युनिटमध्ये ७ किलोमीटर धरले तर दीड रुपया येतो. चूक दुसरीकडेच आहे.

पहिली चूक अशी की, त्याने तुलना पेट्रोलशी केली. तो स्वतः सहा वर्षे सीएनजी भरतो आहे! पत्रकात कंपनीने पेट्रोलशी तुलना छापली होती, म्हणून त्यानेही तीच उचलली. २०२५ साली मुंबईत सीएनजी किलोला ८० रुपयांच्या आगेमागे होता. किलोला २२ किलोमीटर धरले तर किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे. म्हणजे बचत साडेपाच रुपयांची नाही, २ रुपये १० पैशांची. वर्षाला ७५,६००. ही रक्कमही काही लहान नाही.

दुसरी चूक मोठी आहे. युनिटला दहा रुपये हा घरच्या मीटरचा भाव. माझा भाचा चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि टॅक्सी रात्री रस्त्यावर लागते. तो घरच्या मीटरची वीज गाडीत भरणार कशी? त्याला बाहेरच्या जलद चार्जिंग केंद्रावर जावे लागणार. तिथे युनिटला वीस रुपये धरा, कुठे कमी असेल, कुठे जास्त. मग किलोमीटरला २ रुपये ८५ पैसे पडतात. सीएनजीशी फरक उरला ७५ पैशांचा. वर्षाला २७,०००.

विजेची टॅक्सी आणि सीएनजी टॅक्सी यांच्या किमतीत साडेतीन लाखांचा फरक धरू. त्या साडेतीन लाखांवर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच ३५,००० होते. म्हणजे वर्षभर घाम गाळून बचत सत्तावीस हजारांची आणि जादा व्याज पस्तीस हजारांचे. शिवाय चार्जिंगला लागणारा तासभर भाडे बुडणार ते वेगळेच.

मी हे भाच्याला समजावले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मामा, गाडी चांगली आहे, माझी खोली वाईट आहे." मला हसू आले आणि वाईटही वाटले. विजेची मोटार कोण घेणार याचे उत्तर त्याने एका वाक्यात दिले होते.

नोकरदाराचाही हिशोब करून टाकू, कारण आमच्या ऑफिसातही दोघे-तिघे विचारत होते. तुम्ही रोज लोकलने कामाला जाता, मोटार रविवारी आणि गावी जाताना निघते. वर्षाला फार तर ४,००० किलोमीटर. घरच्या मीटरवर चार्ज करून किलोमीटरला साडेपाच रुपये वाचले तरी २२,००० झाले. तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा विजेची तीन लाखांनी महाग धरली तर फरक भरून यायला तेरा-चौदा वर्षे. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातले जे आधी होईल ते. आणि मुंबईहून मंडणगड-दापोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. पत्रकात छापलेले अंतर आणि एसी लावून, घाट चढून, चार माणसे आणि तांदळाची गोणी घेऊन जाणारे अंतर यांत बराच फरक पडतो. तेव्हा ज्याची गाडी थोडी चालते त्याने घाई करण्याचे कारण नाही. जिचे चाक रोज फिरते तीच गाडी विजेवर परवडते, आणि तीही स्वतःचा प्लग असेल तर.

बॅटरी भाड्याने देण्याचीही पद्धत निघाली आहे. २०२४ साली एम.जी. कंपनीने विंडसर मोटार ९ लाख ९९ हजारांत आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये अशी आणली. ऐकायला स्वस्त. पण साडेतीन भाडे आणि दीड वीज मिळून पाच रुपये झाले. सीएनजीवाल्या टॅक्सीवाल्याने यात पडू नये, हे सांगायला बी.कॉम. लागत नाही.

टी.टी. म्हणजे काय?

आता कोणी म्हणेल, वीज ही श्रीमंतांची चैन, आपला तिच्याशी संबंध काय? तर दादर टी.टी. आणि परळ टी.टी. ही नावे आपण रोज घेतो. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. मध्ये १९६२ पासून १९७१ पर्यंत विजेच्या तारांवरची ट्रॉलीबसही या शहरात होती. आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली, तिला शंभर वर्षे होऊन गेली. विजेच्या वाहनाचे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणाल तर गिरणगावचा कामगार. त्याने गाडी विकत घेतली नाही, पास काढला.

बेस्टच्या विजेच्या बस २०१७ पासून आल्या, दुमजली वातानुकूलित विजेची बस २०२३ च्या फेब्रुवारीपासून. माझ्या शेजारच्या आजी दुमजली बसमध्ये बसून आल्या तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, बाई, आवाजच नाही.

इंधन बदलण्यातही मुंबईत श्रीमंत पुढे नव्हते. २००० नंतरची दोन-तीन वर्षे आठवा. धुराबद्दल उच्च न्यायालयात खटला चालला आणि न्यायालयाच्या आदेशाने जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणाव्या लागल्या. तेव्हा किती आरडाओरड झाली! डिकीत टाकी बसली, सामान ठेवायला जागा उरली नाही. गॅस भरायला पंपावर रात्री लांबच लांब रांगा. गाडी पेटेल अशा अफवा. पण पहिल्या काही महिन्यांत टॅक्सीवाल्यांच्या लक्षात आले की संध्याकाळी हातात चार पैसे जास्त उरतात. त्यानंतर आदेशाची गरज उरली नाही. खाजगी मोटारवाले सीएनजीकडे मोठ्या संख्येने वळले ते पुष्कळ नंतर. म्हणजे रॉजर्ससाहेबांच्या पुस्तकातले पहिले धाडसी लोक आपल्या शहरात पद्मिनी टॅक्सीचे चालक निघाले.

उत्तरेत तर याहून मोठी गोष्ट घडली. दिल्लीत ई-रिक्षा आल्या, त्या सायकलरिक्षा ओढणाऱ्या गरीब माणसांनी घेतल्या. शिशाच्या साध्या बॅटऱ्या, पत्र्याचा सांगाडा. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली, २०१५ साली संसदेने कायदा बदलून त्यांना मान्यता दिली. शोरूम नाही, जाहिरात नाही, तरी त्या लाखांनी पसरल्या. पायाने ओढण्यापेक्षा विजेने ओढणे बरे, हे कोणाला शिकवावे लागले नाही. गरीब माणूस नव्या वस्तूला घाबरतो हे म्हणणे इथे खोटे पडते. त्याला रोजच्या रोज फायदा दिसला की तो श्रीमंतांच्याही आधी पोहोचतो.

आपल्याकडे सायन-माहीमच्या अलीकडे रिक्षाच येत नाही, म्हणून हे चित्र आपल्याला दिसले नाही. मात्र भाड्याच्या विजेच्या स्कूटरवर जेवण पोहोचवणारी मुले दादर-परळला हल्ली हमखास दिसतात. त्यांनीही गाडी विकत घेतलेली नाही.

सवलत कोणाला?

अनेकांचा समज आहे की विजेच्या मोटारीला सरकार भरमसाट अनुदान देते. केंद्राची फेम-दोन योजना एप्रिल २०१९ पासून मार्च २०२४ पर्यंत होती. तिच्यात मोटारींपैकी फक्त भाड्याने चालणाऱ्या मोटारींना अनुदान होते, खाजगी मोटारीला नव्हते. ऑक्टोबर २०२४ पासून जी पी.एम. ई-ड्राइव्ह योजना आली तिच्यात मोटारींना अनुदान नाही. तेव्हा एजंट "केंद्राचे अनुदान मिळवून देतो" म्हणाला तर त्याच्याकडून ते कागदावर लिहून घ्या. राज्याच्या २०२५ च्या धोरणात सवलती आहेत. त्याही शोरूमवाल्याच्या तोंडी बोलण्यावर सोडू नका, आरटीओत जाऊन विचारा.

विजेच्या मोटारीवर जीएसटी पाच टक्केच आहे, मग ती आठ लाखांची असो वा ऐंशी लाखांची. छोट्या पेट्रोल मोटारीवर तो सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के आणि वर उपकर होता, आता १८ टक्के आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारीला सहा टक्के कर लावायचे सुचवले होते. तेही मागे घेतले. अटल सेतूवर २०२५ च्या ऑगस्टपासून विजेच्या मोटारीला टोल माफ झाला, एरवी मोटारीला एका वेळचे अडीचशे रुपये पडतात. अटल सेतूवरून रोज कोण जातो ते वाचकांनी आपल्या चाळीत मोजावे.

मी या सवलतींच्या विरोधात नाही. धूर कमी झाला तर परळच्या पुलाखालच्या मुलांची छातीही मोकळी होईल. पण १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब मजूरमंत्री असताना विजेचा कारभारही त्यांच्या खात्याकडे होता, आणि देशाच्या वीजधोरणाचा पाया त्या काळात घातला गेला, हे आठवले की मनात येते, तीस लाखांच्या मोटारीचा कर माफ करण्याची जेवढी घाई झाली तेवढी रस्त्याच्या कडेला टॅक्सीवाल्यासाठी एक खांब बसवण्याची का होत नाही? २०२२ च्या मार्चमध्ये दादर पश्चिमेला कोहिनूरच्या सार्वजनिक वाहनतळात चार्जिंग केंद्र सुरू झाले, ते चांगलेच झाले. लालबागच्या टॅक्सीवाल्याने रात्री बाराला गाडी तिथे लावून घरी कसे यायचे, हा प्रश्न उरतो.

चाळीतली तोड काय असते तेही सांगतो. आमच्या ओळखीच्या एका चाळीत एका मुलाने विजेची स्कूटर घेतली. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडून रात्रभर चार्जिंग. वायर हलकी, जुन्या मीटरच्या लाकडी फळीवर भार पडला आणि एका पहाटे फ्यूज उडून सगळा मजला अंधारात. जळका वास आला तो वेगळाच. सुदैवाने कोणाला काही झाले नाही, पण भांडण मात्र आठवडाभर चालले. घरात कोणी असे करीत असेल तर कृपा करून थांबवा. बेस्टकडून रीतसर वेगळा मीटर घेता येतो, त्यासाठी खाली स्वतःची जागा मात्र हवी.

जागेवरून आठवले. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही काम चालू आहे. इतर चाळींचे करारही होत आहेत. राज्याच्या २०२१ च्या धोरणात नव्या निवासी इमारतींत किमान वीस टक्के पार्किंग विजेच्या गाड्यांसाठी सज्ज असावे असे म्हटले होते. करारावर सह्या करण्यापूर्वी बिल्डरला विचारा की विकायच्या इमारतीत चार्जिंग आहे तसे आमच्या इमारतीत आहे का. लिफ्ट, पाणी आणि कॉर्पस फंड याबद्दल सगळे विचारतात, पार्किंगच्या वायरिंगबद्दल कोणी विचारत नाही. नंतर वायर ओढायची तर सोसायटीच्या खिशातून.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या दृष्टीने महत्त्वाची. आपल्याकडे मोटार येते ती बहुधा तिसऱ्या हाताने. पहिला मालक मलबार हिलचा, दुसरा हिंदू कॉलनीतला, तिसरा आपण. पेट्रोल गाडीचे इंजिन जुने झाले तर ओळखीचा मिस्त्री ते उतरवून दुरुस्त करतो. विजेच्या गाडीची बॅटरी हा सगळ्यात महाग भाग, आणि आठ वर्षांची हमी पहिल्या-दुसऱ्या मालकाकडेच संपत येते. तेव्हा सेकंडहँड घेताना बॅटरीची तपासणी कंपनीच्या केंद्रात करून तिचा कागद मागावा, हमी नव्या मालकाच्या नावावर होते का ते विचारावे. टॅक्सीसाठी घेतली तर हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात. त्या बारीक अक्षरात असतात, चष्मा लावून वाचाव्यात.

पुढे काय झाले

महिन्याने मी सगळा हिशोब स्वच्छ कागदावर उतरवून लालबागला गेलो. भावोजींनी तो दोनदा वाचला. भाच्याने एक मध्यममार्ग काढला होता. विकत न घेता एखाद्या कंपनीची विजेची टॅक्सी भाड्याने चालवायची, म्हणजे अनुभवही येईल. मी त्याला हेही सांगितले की ब्लूस्मार्ट नावाच्या कंपनीने विजेच्या हजारो टॅक्सी चालवल्या आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सेवा एकाएकी बंद केली, चालक घरी बसले. तरी त्यात फंड अडकत नाही, नोकरीच जाईल एवढेच. "एवढेच?" असे बहीण म्हणाली, आणि तिचेही बरोबर होते.

शेवटी भावोजी बोलले. "मला गाडीचं काही कळत नाही. रात्री गाडी कुठे लागणार आणि तिला वीज कुठली, एवढं दाखव. ज्या दिवशी दाखवशील त्या दिवशी चेक लिहितो."

तेव्हापासून भाचा रविवारी गाडीच्या शोरूममध्ये जात नाही, जागा शोधत फिरतो. शिवडीला एका वखारीच्या आवारात जागा मिळाली. मीटरही स्वतंत्र मिळेल, पण मालक महिन्याला चार हजार मागतो. आम्ही दोघांनी तिथल्याच चहाच्या टपरीवर बसून पुन्हा आकडे मांडले. वर्षाचे ७५,६०० वाचणार, त्यातले ४८,००० जागेला गेले, उरले २७,६००. जिथून निघालो तिथेच आलो. भाड्यात हजार-दीड हजार सुटले तर पुन्हा विचार करता येईल. मालक ऐकत नाही. पुढच्या रविवारी घोडपदेवला एकाकडे विचारायला जायचे ठरले आहे.